चौथ्या मजल्यावरची होडी

११ जानेवारी, रविवार

विसरलीस ना, होईचिंग? मला वाटलंच होतं. विमानतळावर आजीच्या गळ्यात पडून म्हणाली होतीस, ‘पोपो, रोज थोडं या फोनशी बोलत जा. तू बोलशील ते तो लिहून ठेवेल, मी दर रविवारी वाचीन.’ मँचेस्टरला रविवार येत नाही वाटतं. मागे याच फोनला मी गुडघ्याचं सगळं रामायण सांगितलं, आणि परवा तू मलाच विचारतेस, गुडघा कुठला दुखतो. उजवा, राणीसाहेब. अजूनही उजवाच.

म्हणजे तू हे वाचत नाहीस. बरंच आहे. मला अक्षरओळख नाही, तेव्हा मी काय बोलले ते मला वाचता येत नाही. तुला वेळ नाही. फोन कुणाकडे चहाड्या करत नाही. इतकी खासगी दैनंदिनी एखाद्या मंत्र्याकडेही नसेल.

आज तुझा फोन आला. म्हणालीस, ‘यंदा आपल्या नव्या वर्षाला, फेब्रुवारीत, यावं म्हणते.’ मी काही बोलायच्या आत पुढचं बोललीस. ‘पण राहू कुठे गं? तुझ्या खोलीत एक पलंग, आणि उरलेल्या जागेत तू. हाँगकाँगची हॉटेलं किती महाग! बघू. नाहीतर पुढच्या वर्षी.’

तुझं खरं आहे. मोठ्या घराची सवय झाली तुला. दोन मजले, मागे बाग. बाग दाखव म्हटलं की तिथे नेमका पाऊस लागतो, आणि तू बसतेस नेहमी त्याच एका पिवळट भिंतीसमोर. एवढं घर, पण माणसाला एखादाच कोपरा आवडतो. असतं एकेकाचं.

पण जागा नाही हे मला सांगतेस? मी जन्मले ती होडी या खोलीहून अरुंद होती. तिच्यात नऊ माणसं, दोन कोंबड्या, जाळी आणि आजोबांचा खोकला एवढं सगळं राहायचं. शिवाय पाहुणे यायचे.

आज दुपारभर खोलीकडे बघत बसले. दारातून आत आलं की डाव्या हाताला मोरी, मोरीला लागून शेगडी, शेगडीच्या डोक्यावर फ्रिज. मग पलंग. पलंगाने निम्मी खोली खाल्लीय आणि बदल्यात रात्री एका म्हातारीला निजवतो, बस. दिवसभर नुसता लोळत असतो. होडीवर असला ऐतखाऊ कुणी ठेवला नसता.

१४ जानेवारी

म्हाताऱ्या क्वोंगकडे जाऊन आले. आमच्या होड्या त्याच्या बापाने बांधल्या, मग त्याने बांधल्या. आता कुणी लाकडी होडी बांधून घेत नाही, म्हणून तो किनाऱ्यावरच्या शेडमध्ये रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत बसतो.

म्हटलं, ‘क्वोंगदादा, मला डेक घालून हवा.’

‘होडी कुठे लावलीय?’

‘चौथ्या मजल्यावर.’

त्याने रेडिओ बारीक केला. ‘भरती बरीच मोठी आलेली दिसते.’

मी त्याला समजावलं. पलंग काढायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गुडघ्याच्या खालपर्यंत येईल एवढ्या उंचीवर फळ्या घालायच्या. फळ्यांखाली खण. तांदूळ, भांडी, गोधड्या, बादली, हिवाळ्याचे कपडे, सगळं खणात. वर नुसती मोकळी जमीन. दिवसा बसा, जेवा. रात्री गोधडी पसरा, हवे तेवढे निजा.

‘हवे तेवढे म्हणजे किती?’

‘दोन. नात येतेय.’

‘ती इंग्लंडात मोठ्या घरात राहते ना? ती फळीवर निजेल?’

‘तिचं बाळपण फळीवर गेलंय. पाठीला लाकडी फळकुट बांधून, कमरेला दोरी लावून मीच तिला डेकवर सोडायचे. पाण्यात पडली तर तरंगायला.’

‘पडली कधी?’

‘दोनदा. दोन्ही वेळा हसत वर आली.’

क्वोंग मान हलवत राहिला. मग म्हणाला, जुन्या होडीच्या सागवानी फळ्या पडून आहेत, नाहीतरी जळणात गेल्या असत्या. पैसे नकोत, खारवलेल्या माशाचा भात घाल. याचा अर्थ त्याला तसला भात करून घालणारं कुणी उरलेलं नाही. पण ते मी त्याला बोलून दाखवलं नाही. कधी नव्हे ते.

१९ जानेवारी

पलंग गेला. खाली भंगारवाला उभा होता, त्याने पाय धरले, मी डोकं धरलं, एखादं प्रेत नेतात तसा नेला.

शेजारच्या तानबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या दोघींच्या खोल्यांत एक लाकडी फळकुटाची भिंत आहे. त्यांनी मिरच्या परतल्या की शिंका मला येतात, आणि मी फोनशी बोलले की ‘कोण आलंय हो?’ असा आवाज पलीकडून येतो. बाई हूनानच्या. डोंगराकडच्या.

‘लायआजी, पलंग विकलात? जमिनीवर निजणार? हाडं गार पडतील.’

‘फळीवर निजणार. फळी उबदार असते.’

‘आणि हे?’ त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. ‘हे एका खोक्यात भरून वर टाकलंत तर केवढी जागा होईल.’

देव्हाऱ्यात आमची माणसं आहेत. तुझे आजोबा लाकडी खुर्चीत बसलेले, आणि तुझी आई, पांढऱ्या बगळ्यावर. दोघांच्या त्या लाकडी मूर्ती ज्या सुताराने कोरल्या त्याने तुझ्या आईचं नाक जरा फुगवून ठेवलंय, तिला ते आवडलं नसतं. तानबाईंना काय कळणार? डोंगरातली माणसं मेलेल्यांना मातीत ठेवून वर्षातून एकदा भेटायला जातात. आमच्याकडे माती कुठे होती? आम्ही त्यांना होडीतच ठेवून घेतलं.

तरी मनात एकदा आलंच. खोटं कशाला बोलू! देऊळ आहे, तिथे ठेवून घेतात. देव्हारा गेला तर तुझी उशी आणखी हातभर लांब सरकेल. मग तुझ्या आईकडे पाहिलं. तिच्याच पोरीसाठी तिला घराबाहेर काढायची म्हणजे फारच झालं.

फळ्यांखालीही ठेवता येत नाही. त्यांच्यावर पाय पडेल. शेवटी खिडकीच्या वर फळी मारून घेतली. जिवंत माणसं खाली, मेलेल्यांना खिडकी. त्यांना बंदर दिसतं तिथून. मला स्टुलावर चढावं लागतं.

२६ जानेवारी

डेक झाला. दारापाशी एक पट्टा तेवढा उघडा राहिलाय, दाराएवढाच रुंद. तो शेवटचा पट्टा राहू दे, म्हणाला क्वोंग, मला बाहेर पडायचंय. चप्पल काढून ठेवायला बरा आहे.

वर चढले अनवाणी, आणि तुला सांगते, पायांना आधी कळलं. डोक्याला नंतर. होडी विकून किनाऱ्यावर आले तेव्हापासून पाय फरशीवरच चालतायत. फळीने एकदा बारीक करकर केली, मी कशाला तरी धरायला गेले. मग आठवलं, हलणार नाहीये.

कसं केलंय ऐक. खिडकीकडचा पहिला खण तांदूळ आणि सुकी मासळी. दुसरा भांड्यांचा. भांडी एकात एक, झाकण उलटं, आणि त्यात चमचे. वाडगे मात्र सुलटे, पालथा वाडगा म्हणजे पालथी होडी, ते तुला माहीत आहे. तिसरा गोधड्यांचा, चौथा माझ्या कपड्यांचा. पाचवा रिकामा. तो तुझा. त्याच्या फळीला दोरीची कडी लावून घेतली, म्हणजे बोट अडकवून उचलता येईल, तुझी नखं लांब असतात.

भिंतींवर काही नाही. खिळ्याला टांगलेलं प्रत्येक भांडं वादळात डोक्यात येतं, हे आमच्यात पोरालाही ठाऊक. तानबाई म्हणाल्या, चौथ्या मजल्यावर कसलं वादळ? तरी मी टांगलं नाही.

फोटो काढून तुला पाठवला. त्यात माझा अंगठा आलाय.

२७ जानेवारी

तुझं उत्तर आलं. ‘पोपो!!! तू वेडी आहेस का? किती सुंदर!’ मग बराच वेळ काही नाही. मग: ‘सुट्टीचं अजून नक्की नाही हं.’

सुंदर म्हणालीस ते मी चारदा वाजवून ऐकलं. फोन वाचून दाखवतो, पण एखाद्या बँकेतल्या माणसासारखा. त्यात तुझं हसणं नसतं.

१ फेब्रुवारी

फोन केलास. चेहरा उतरलेला. थंडी फार म्हणालीस. घरात कोट घालून बसली होतीस. दोन मजली घर गरम करायचं म्हणजे वेळ लागत असणार.

म्हटलं, ‘सुट्टीचं काय झालं?’

‘बघतेय गं.’

‘जागा झालीय आता. पाय लांब करून निजशील.’

‘ते दिसलं. पण पोपो, माझी बॅग? मोठी बॅग असते माझी. ती कुठे ठेवणार?’

‘खणात.’

‘खणात नाही मावायची.’

तू बोलत होतीस तेव्हा तुझी नजर माझ्याकडे नव्हती, खाली कुठेतरी होती. मला वाटलं फोन ठेवायची घाई झालीय.

बॅग. बरोबर आहे. एवढ्या लांबून येणारं माणूस बॅग घेऊनच येणार. मी एवढी होडी बांधली आणि सामानाचा विचार केला नाही.

७ फेब्रुवारी

तानबाई गावाला गेल्या. पाचव्या मजल्यावरचेही गेले. नव्या वर्षाला ही इमारत ओहोटीच्या खाडीसारखी होते.

जाताना मिरच्यांची बरणी देऊन गेल्या. म्हटलं, ‘मला शिंका येतात.’ म्हणाल्या, ‘म्हणूनच देतेय. मी नसताना कोण तुम्हाला शिंकायला लावणार?’ आगाऊ बाई.

आज त्यांच्या भिंतीला दोनदा विचारलं, पाणी येतंय का. मग लक्षात आलं.

९ फेब्रुवारी

दमट हवा सुरू झाली यंदा लवकरच. भिंतींना घाम. बंदर दिसत नाही, नुसते भोंगे ऐकू येतात.

बॅगेचं काम केलं. दारापाशी जो पट्टा उघडा होता, त्याच्यावर फळी बसवली तर बॅग त्याच्यावर उभी राहील, आणि सकाळी तिच्यावर चहाही ठेवता येईल. क्वोंगला निरोप दिला होता, तो खोकल्याने झोपलाय. एका फळीसाठी कुणाची वाट बघायची? मी स्वतः होड्यांच्या फटींत काथ्या ठोकलाय आयुष्यभर. उरलेली फळी आणली, बसेना. मोगरीने ठोकली. मग बसली. अशी घट्ट की केस जाणार नाही. पाणी शिरायची बातच नको.

चप्पल हातात घेऊन बसले आणि खोलीकडे बघितलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, एक इंचभर जागा वाया नाही. आता बघू कशी नाही म्हणतेस.

१० फेब्रुवारी

हसू नकोस.

सकाळी भाजीला निघाले. कडी काढली, दार ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. मग खाली बघितलं.

माझं दार आत उघडतं, होईचिंग. आणि आत आता डेक आहे.

होडीला दार नसतं. पडदा असतो, नाहीतर चटई. क्वोंगने आयुष्यात दार असलेलं काही बांधलं नाही. पट्टा उघडा ठेवला तो त्याला बाहेर पडायचं होतं म्हणून. आजारी नसता तर ती फळीही त्यानेच ठोकली असती, तीही आतून, आणि आम्ही दोघं कोंडून पडलो असतो. मग इमारतीला वर्षभर विषय पुरला असता.

फळी उपटायला गेले. दमट हवेने ती फुगलेली. मोगरी मारली, चाकू घातला, चाकूचं टोक गेलं. क्वोंगला फोन लावला, तो उचलेना. भिंतीवर थाप मारली. मग आठवलं, बाई हूनानला. ‘अहो कुणी आहे का?’ म्हणून ओरडले. ओरडून झाल्यावर ऐकू आलं की कुणी नाही. मोरीतला नळ टपटपत होता, तेवढंच.

खायला होतं, प्यायला होतं, मोरी होती. काही मरत नव्हते. तरी मी मधोमध बसून राहिले. एवढी मोकळी जमीन आणि तिच्यावर मी एकटी.

तुझ्याकडे अजून रात्र होती. थांबले. भात केला, थोडा खाल्ला. तुझ्याकडे उजाडायच्या सुमाराला फोन लावला.

तू लगेच उचललास. अंगात चकचकीत पिवळं जाकीट, रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं. केस बांधलेले. ऑफिसला एवढ्या पहाटे?

‘पोपो, काय झालं? पडलीस का?’

‘पडले नाही. कोंडले गेले.’

सगळं सांगितलं. तू आधी घाबरलीस, मग हसलीस, मग पुन्हा घाबरलीस. ‘अगं, बॅगेसाठी? मी उगाच बोलले गं बॅगेचं!’

‘ते नंतर. आधी मला बाहेर काढ.’

‘ऐक. दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत ना? त्यांच्यात एकेक सळई असते. खालून ठोक, वर येईल. तिन्ही काढ. मग दार वरून आत कलव, आणि उचलून फळीवर घे. तुझं दार पातळ आहे, जमेल.’

‘तुला गं काय माहीत?’

‘मी असंच केलं होतं. पलंग सरकवला आणि दार अडलं, मग...’ तू थांबलीस. ‘थांब, दाखवते बिजागरी कशी असते.’

आणि तू फोन घेऊन दाराकडे वळलीस. लांब जावं लागलं नाही तुला. जागची हललीही नाहीस, नुसता हात फिरवलास.

पलंग. पलंगाच्या उशाला बुटांची जोडी. खिडकीच्या कट्ट्यावर विजेची शेगडी, तिच्यावर एकच भांडं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी, दोरीवर ओले मोजे. बेसिनखाली मोठी बॅग, उभी, तिच्यावर ताटली आणि चमचा. मग दार, मग बिजागरी.

‘दिसली का, पोपो? ही बघ, ही सळई.’

‘दिसली,’ म्हटलं.

आमच्यातल्या बाईला जागा मोजायला फुटपट्टी लागत नाही. तुझी खोली माझ्या खोलीहून वीतभर लांब आहे आणि हातभर अरुंद.

मग मी सळया ठोकून काढल्या. तू मधेमधे बोलत राहिलीस, ‘हळू, बोटं सांभाळ, गुडघा टेकू नकोस, उजवा ना?’ दार कललं. मी धरलं आणि उचललं आणि फळीवर आडवं केलं. जिन्यातला वारा आत आला.

‘झालं?’

‘झालं. तुला उशीर होतोय, जा.’

‘पोपो...’

‘जा म्हणते ना. बागेत पाऊस असेल, छत्री ने.’

तू तोंड दुसरीकडे फिरवलंस. मला वाटतं शिंक आली असावी.

११ फेब्रुवारी

क्वोंग तोंडाला मफलर बांधून आला. आडवं पडलेलं दार बघितलं, फळी बघितली, आणि असा हसला की खोकला सुटला. पाठ चोळून द्यावी लागली. शेवटचा पट्टा करवतीने कापून मोकळा केला आणि दार पुन्हा लावलं.

विचारलं, ‘मग? नात कधी येतेय?’

‘नाही येत यंदा. तिच्याकडे पाहुणे आलेत. मोठं घर, ते टाकून कशी येणार?’

‘बरोबर आहे,’ म्हणाला क्वोंग. आणि दोन वाडगे भात खाल्ला.

१६ फेब्रुवारी, वर्षाचा शेवटचा दिवस

आज वरची बाजू खाल्ली मी माशाची. खालची उद्या. मासा उलटायचा नाही, एकटं असलं तरी नाही. देव्हाऱ्यात दोन ताटं ठेवली, तुझ्या आजोबांचं आणि तुझ्या आईचं. एक माझं, खाली.

तुझा निरोप फोनने त्याच्या त्या बँकवाल्या आवाजात वाचून दाखवला. ‘पोपो, यंदा नाही जमत. खूप वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी नक्की. तुला इथून खायला काय पाठवू? काहीही सांग.’

आता हे तू वाच. आजचं तरी वाच. रविवार नाही म्हणून सोडू नकोस.

मी काही विचारणार नाहीये. तू सांगशील तेव्हा सांग, नाहीतर नको सांगूस. तुझ्या घराची बाग मी तुझ्याहून जास्त लोकांना दाखवलीय, ती मी अशीच हिरवी ठेवीन. पण पलंग तो तिथून हलव. दाराकडे पाय करून माणसाला झोप लागत नाही. तो खिडकीखाली घे, आडवा. त्याच्या पायांखाली विटा घाल, दोन दोन. मग बॅग त्याच्या खाली जाईल आणि बेसिनखालची जागा शेगडीला मिळेल. खिडकीच्या कट्ट्यावर शेगडी ठेवतेस, पडद्याला आग लागेल, एवढीही अक्कल नाही का? ओले मोजे पलंगावर टांगू नकोस, छातीत थंडी जाते. बूट उशाला नाही, पायाला. ताटली बॅगेवर ठेवून जेवू नकोस, मांडीवर घे. काही अडलं तर फोन फिरव, मी बघीन. लाज मला वाटत नाही, तुला का वाटावी? आपल्यात कुणाला मोठी खोली होती कधी?

मी ठीक आहे. डेक छान आहे. सकाळी एका टोकाला बसते, संध्याकाळी दुसऱ्या, म्हणजे दिवसभरात कुठेतरी जाऊन आल्यासारखं होतं. तानबाई पंधरवड्याने येतील. तुझा खण रिकामाच ठेवलाय, त्यात काही घालणार नाही. जागा कुठे पळून जात नाही. तू ये, नाहीतर नको येऊस.

आणि खायला काय पाठवू विचारलंस. डबाबंद, रिबिनवालं, दुकानात सजवून देतात ते काही नको. तू रोज कामावरून परत येतेस ना, अंधार पडल्यावर, त्या एका भांड्यात स्वतःपुरतं जे शिजवतेस, त्याचंच एक पाकीट पाठव. एकच. मी इथे शिजवून त्याच वेळी खाईन. दुसरं काही विकत आणून ‘हेच खाते गं मी’ म्हणून पाठवशील, तर ते चालायचं नाही. पहिल्या घासाला कळेल मला.